अठ्ठेचाळीस आकड्यांचं कुलूप

शनिवारी सकाळी पोहे खाता खाता मी लॅपटॉपला 'हो' म्हटलं आणि एका घासात घराण्याचा दीडशे वर्षांचा कारभार बुडवायला काढला.

दोष माझ्या एकट्याचा नाही. तीन महिने तो पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट लटकवून बसला होता. नवी प्रणाली आली आहे, आत्ता घालू की नंतर? विम्याचा एजंटसुद्धा तिसऱ्या नकारानंतर जिना उतरतो. हा उतरेना. शेवटी मी बटण दाबलं, पडदा काळा झाला आणि टक्के मोजायला लागला. सतरा टक्क्यांवर तो इतका वेळ बसला की समोरच्या प्लॉटवर दोन मजले चढले.

"दोन मजले नाही, एक ट्रक विटा उतरल्या," बायको म्हणाली. आमच्या घरात ते खातं तिच्याकडे आहे. मी बोलायचं आणि तिनं वजाबाकी करायची.

साडेअकराला तो जागा झाला. आपण गावाला जावं आणि मागे कुणी परक्यानं घर आवरून ठेवावं, तसं सगळं झालं होतं. डाव्या कोपऱ्यातलं मध्यावर, मध्यावरचं कुठेच नाही. वर आणखी एक सवाल: जुन्या प्रणालीच्या फायली काढून टाकून जागा मोकळी करू? मी म्हटलं, विचारतोयस इतकं आदबीनं, तर कर. दुसऱ्यांदा 'हो'. पहिल्या 'हो'नं मला खड्ड्यापाशी नेलं होतं. दुसऱ्यानं मागचा जिना काढून घेतला, पण हे कळायला संध्याकाळ व्हायची होती.

दुपारी काकूंचा फोन आला.

"उद्या येताना मशीन घेऊन ये. मला एकशेचाळीस ऐकायचाय."

"एकदम एकशेचाळीस? काय झालं काकू?"

"त्यात माझी एक ओळ सुटलीय. चार दिवस मनात खुपतंय. ऐकलं की आठवेल. पण लवकर ऐकायला हवं रे. हल्ली गोष्टी माझ्याकडे फार दिवस थांबत नाहीत."

"आणतो की. त्यात काय."

"नीट आहे ना सगळं?"

"तीन ठिकाणी आहे काकू," मी म्हणालो. "खरं तर चार."

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. वजाबाकी झाली होती, फक्त तोंडानं नाही.

हे एकशेचाळीस म्हणजे काय ते सांगतो. आमचे खापरपणजोबा बडोदे संस्थानात कारकून होते. कारकून म्हणजे असा की त्यांच्या सहीशिवाय पादरा महालात कोंबडा आरवत नसे. त्यांनी मागे जमीन ठेवली नाही, दागिने ठेवले नाहीत. ठेवले दोन रुमाल. खिशातले नव्हेत. जुन्या दफ्तरांत कागद ज्या जाड कापडात बांधून ठेवत, त्याला रुमाल म्हणतात. आमच्या दोन रुमालांत मिळून दोनशे अकरा कागद होते. पत्रं, याद्या, हिशेबाची चिटोरी, सगळी मोडीत, घाईत लिहिलेली, अक्षर अक्षराच्या मानेवर बसलेलं. आमच्या पिढीत ते वाचू शकणारं माणूस एकच उरलं, काकू. काका रेल्वेच्या वर्कशॉपात होते, त्यामुळे काकू अजूनही बडोद्यातल्या प्रतापनगरलाच राहतात, क्वार्टर सुटल्यावर जवळच घेतलेल्या दोन खोल्यांत. पण स्वतः काकूंनी तीस वर्षं सरकारी दफ्तरखान्यात काढली होती. मोडी कागद त्या असा वाचायच्या जशा आपण दुकानाच्या पाट्या वाचतो.

दोन हिवाळे, दर रविवारी, मी रेकॉर्डर खिशात घालून स्कूटरवरून शहराच्या दुसऱ्या बाजूच्या आमच्या अकोट्याहून प्रतापनगरला जायचो. काकू खिडकीशी बसून वाचायच्या, मी रेकॉर्डर धरायचो. "कागद क्रमांक अमुक," असं म्हणून सुरुवात आणि शेवटी "कागद संपला." काचबिंदूनं त्यांचा एक डोळा आधीच नेला होता, दुसऱ्याला डॉक्टरांनी मुदत दिली होती. मुदत संपायच्या आत सगळे कागद संपवायचे, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या माघात त्यांनी शेवटचा कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. त्यानंतर त्यांना फक्त उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच कळायचं.

"माझे डोळे आता तुझ्या त्या डब्यात आहेत," त्या म्हणाल्या होत्या. डबा म्हणजे माझी काळी डिस्क. पत्त्यांच्या कॅटएवढी, वायर लावली की निळा दिवा लुकलुकणारी.

मग काकूंकडचे रुमाल मी स्कॅन करायला घरी आणले. "आठवड्यात करतो काकू." कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवले. त्या आठवड्याचे सहा महिने झाले आणि मग विश्वामित्री नदी अकोट्यात शिरली. आमचा फ्लॅट तळमजल्यावर. पाणी पायरी चढून आलं तेव्हा त्याच्या पुढे चौदा फुटांची मगर होती, आणि ती आमच्या स्कूटरच्या पायदानावर हनुवटी टेकून दाराकडे पाहत होती. मी डिस्क दातांत धरून पोहत जिना गाठला.

"कमरेएवढ्या पाण्यात कोण पोहतं," बायको सांगते. "आणि मगर शेजारच्या सोसायटीत निघाली. हातभर लांब, फार तर थोडी मोठी."

बरं, असेल. पण डिस्क वाचली आणि रुमाल वाचले नाहीत, हे तीसुद्धा कमी करून सांगू शकत नाही. पाचव्या दिवशी कप्पा उघडला तर आत लापशी होती. शाईचा निळसर काळा रंग कपाटाच्या लाकडात उतरला होता. तो अजून आहे, घासून जात नाही.

म्हणजे उरलं ते एकच: काकूंचं वाचन, एका काळ्या डब्यात. तीन ठिकाणी नव्हे, चार ठिकाणी नव्हे. एका.

आता कुणीही शहाणा विचारेल, दुसरी प्रत का नाही काढली? कारण पुण्याला आमचे चुलत चुलत भाऊ राहतात. ते म्हणतात त्यांची पाती, म्हणजे शाखा, थोरली, आम्ही म्हणतो आमची. दोन्ही बाजूंनी कुलवृत्तान्त काढायचं घाटत होतं. कागद ज्याच्याकडे, त्याचा वृत्तान्त खरा. मला स्वप्नं पडायची की कुणीतरी आकाशातल्या त्या साठवणीतून काकूंचा आवाज पळवून नेतंय. म्हणून मी काही कुठे चढवलं नाही, कुणाला दिलं नाही, आणि वाचनाच्या पहिल्याच हिवाळ्यात डिस्कला कुलूप घातलं. परवलीचा शब्द टाकल्याशिवाय उघडणार नाही, असं. आणि दर वेळी तो टाकायचा कंटाळा, म्हणून खाली बरोबरची खूण केली: या कॉम्प्युटरवर आपोआप उघड.

चार वर्षं ती आपोआप उघडत होती. परवलीचा शब्द कधीच माझ्या डोक्यातून नोटीस न देता निघून गेला होता.

काकूंचा फोन ठेवल्यावर मी डिस्क लावली. निळा दिवा लागला. एक क्षण जीव भांड्यात पडला. मग पडद्यावर पिवळं कुलूप आलं आणि त्याखाली रिकामी चौकट: शब्द सांग.

मी वायर बदलली. छिद्र बदललं. बंद करून चालू केलं. शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं, तिथेही तेच कुलूप. परत घरी आलो आणि शब्द घालत बसलो. कुलदैवत, स्कूटरचा नंबर, खापरपणजोबांचं नाव सुलटं, खापरपणजोबांचं नाव उलटं.

"माझं नाव घालून बघा," बायको म्हणाली.

घातलं. नाही उघडलं.

"चार वर्षांपूर्वी काय सुचलं असेल तुम्हाला!" एवढंच म्हणून ती गेली. त्या दिवशीच्या सगळ्या आवाजांत मला तोच जास्त लागला.

चारच्या सुमारास मी बेनकडे गेलो. अकोट्याच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गुजराती बाईचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यांना सगळे बेन, म्हणजे ताई, म्हणतात. रोज सकाळी पादऱ्याहून बसनं येतात, संध्याकाळी सहाच्या बसनं परत. पन्नाशीच्या, केसांना घट्ट अंबाडा, कपाळावर भिंग बांधलेलं. बोलतात इतकं कमी की गिऱ्हाईक आपणहून गुन्हे कबूल करतं.

त्यांनी डिस्क कानाशी धरली, आत काही खरखरतंय का ते ऐकलं. आपल्या मशीनला लावली.

"काका, मरी नथी," त्या म्हणाल्या. "ताळुं मारीने बेठी छे." मेली नव्हती, कुलूप लावून बसली होती.

"पण काल उघडत होती हो बेन!"

"काल तमारुं जूनं मशीन एने ओळखत होतं. नव्या सिस्टिमला ओळख नाही. आठवण पुसली गेली." बेन मराठी माणसाशी अर्ध्या वाटेवर येऊन बोलतात. "पाछा जुन्या सिस्टिमवर जाऊ. दहा दिवस तशी सोय असते."

माझ्या पोटात उजेड पडला. त्यांनी लॅपटॉप उघडला, चार ठिकाणी टकटक केलं आणि थांबल्या. भिंग कपाळावर सरकवलं.

"जुन्या फायली कुणी काढल्या?"

मी दुकानातल्या कॅलेंडरकडे बघितलं.

"मशीननं विचारलं होतं," मी म्हणालो.

"अने तमे हा पाडी."

"हो म्हटलं. हो."

ऑपरेशनच्या खोलीतून डॉक्टर बाहेर येतो आणि आधी हात धुतो, तसे बेननं हात पुसले. मग म्हणाल्या की एक रस्ता आहे. कुलूप घालताना मशीन एक चावी देतं, अठ्ठेचाळीस आकड्यांची, सहा सहाचे आठ गट. ती छापून ठेवा असं सांगतं. "छापी हशे ने, काका?"

आणि मला आठवलं. मी ती छापली होती. नक्की छापली होती. हातात धरून बराच विचार केला होता, की हा कागद कुठे ठेवला तर कधी हरवणार नाही. आमच्या घरात महत्त्वाचा कागद एकाच जागी जातो, दीडशे वर्षं जातोय. मी घडी घातली, पुढच्या रविवारी काकूंकडे दुसरा रुमाल सोडला, सगळ्यात तळाशी ठेवला आणि गाठ मारली.

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. रस्त्यावरून फटफटणाऱ्या छकडा रिक्षा जात होत्या, कुणी तरी सेव-उसळीच्या गाडीवर पाव मागत होतं, आणि मला मात्र कपाटाच्या लाकडातला तो डागच दिसत होता.

"बीजी कॉपी?" बेननं विचारलं.

"चावीची की डिस्कची?"

"कशानी पण."

आयुष्यात पहिल्यांदा मी एका शब्दात उत्तर दिलं. "नाही."

त्यांनी डिस्क माझ्या हातात ठेवली. "तो पछी एने संभाळजो," त्या म्हणाल्या. सांभाळा. उघडणार नाही ती वस्तू सांभाळायची, यासारखी शिक्षा नाही. घरी येईपर्यंत ती खिशात मला विटेएवढी जड लागत होती आणि पुलावर आल्यावर तर चांगली चिऱ्याएवढी. खाली विश्वामित्री. पाणी कमी होतं, हिरवं, हलत नव्हतं. काठावर एक लांबट काहीतरी उन्हात पडलं होतं. लाकूड असेल. मी थांबून पाहिलं नाही.

रविवारी सकाळी गेलो. रस्ताभर मी तीन थापा रचल्या. मशीन दुरुस्तीला आहे. अकोट्यात वीज नाही. माझा घसा बसलाय, आता ऐकायला घशाची काय गरज हे मलाही सांगता आलं नसतं. दार उघडंच होतं. काकू खिडकीशी त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. कान खिडकीकडे. कुणी गाण्याच्या बैठकीला जावं तशी तयारी.

"आलास? लाव."

मी टेबलावर लॅपटॉप ठेवला. वायर लावली. तो निळा दिवा लुकलुकू लागला. आणि तिन्ही थापा, तयार, कपडे घालून उभ्या असलेल्या, एकदम पळून गेल्या.

"काकू, ते उघडत नाहीये."

"मग दुसऱ्या ठिकाणचं लाव."

मी वायरचं टोक काढून पुन्हा खोचलं.

"तिसऱ्या?"

खाली वर्कशॉपच्या बाजूनं लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज आला.

"एकच आहे," मी म्हणालो. "पहिल्यापासून एकच होतं." मग एकदा बांध फुटला तसं सगळं सांगितलं. कुलूप, पुण्याचे भाऊ, दोनदा म्हटलेलं 'हो', चावी, रुमालाचा तळ, पाणी. काही वाढवलं नाही. वाढवायला काही उरलंच नव्हतं.

काकू रागावल्या नाहीत, हेच भयंकर होतं. त्यांनी हात पुढे करून चाचपडत डिस्क शोधली. ती गरम झाली होती. त्यावर तळवा ठेवून त्या बसल्या. किती वेळ, ते मी सांगणार नाही, कारण मी सांगितलेली वेळ कुणी खरी धरत नाही.

"तुला सगळं मोठं करून सांगायची खोड लहानपणापासून आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, निदान मोठं करायला मुळात काहीतरी असतं."

मी टेबलावरची धूळ बोटानं पुसली.

"ती तुझी चिठ्ठी," मग त्या म्हणाल्या, "छापील होती? इंग्रजी आकडे?"

"हो."

"पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेलं, तूरडाळ, साबण, आणि काहीतरी खोडलेलं?"

"तुम्हाला कसं..."

"क्रमांक दोनशे बारा. शेवटच्या दिवशी निघाली. तू चहा टाकायला आत गेला होतास. मी म्हटलं, खापरपणजोबांनी साबण कधी आणला!" त्या हसल्या नाहीत. "रुमालात निघालेला कागद सोडायचा नाही, हा नियम. वाचला मी तो. रेकॉर्डरमध्ये."

म्हणजे चावी काकूंच्या आवाजात होती, आणि तो आवाज कुलपाच्या आत होता. मला हसू आलं.

"काकू, ते रेकॉर्डिंग याच डब्यात आहे हो."

"ते आहे. यादी नाही." त्यांनी मान कपाटाकडे वळवली. "डावीकडचं दार, साड्यांखाली. निळी वही."

दफ्तरखान्यातली सवय. रुमाल सोडला की यादी करायचीच. प्रत्येक कागदाचा क्रमांक, पहिली ओळ, शेवटची ओळ. कागदात एकच ओळ असेल तर ती संपूर्ण. त्या वाचनाच्या आधी, मी यायच्या आत, दर रविवारी सकाळी त्या दिवसाचा भाग उतरवून ठेवायच्या. दोन वर्षं मी ती वही त्यांच्या मांडीवर पाहिली होती आणि दुधाचा हिशेब समजलो होतो. शेवटची चिठ्ठी त्यांनी मी गेल्यावर, दुपारी लिहिली होती.

वही उघडली. पानं शेवटाकडे जात होती तशी अक्षरं मोठी, वाकडी होत गेली होती. शेवटच्या पानावर ओळ पानाबाहेर पडून खाली उतरत होती, आकडे एकमेकांवर चढले होते. तो हात आंधळ्या होत चाललेल्या माणसाचा होता. वर क्रमांक दोनशे बारा आणि खाली मोडी वळणाचे अठ्ठेचाळीस आकडे. जिला ते वाचता येत होते तिला दिसत नव्हते, आणि ज्याला दिसत होते तो माझ्यासारखा.

"आकडेच आहेत, घाबरू नकोस," काकू म्हणाल्या. "पहिला. कसा दिसतो सांग."

"वरून गोल येतो आणि शेपटी खाली डावीकडे."

"शेपटी लांब की तुटकी?"

"तुटकी."

"तीन. पुढचा."

असा तास गेला. पोटाचा आकार, गाठ कुठे, रेघ कुठून उचलली. मी सांगायचो, त्या बोटानं हवेत तो आकडा पुन्हा काढायच्या, आणि हाताला आठवेल तसं त्याचं नाव सांगायच्या. त्यांचा पाच आणि सहा मात्र त्या दिवसांत जुळे भाऊ झाले होते. अठ्ठेचाळीस झाले. मी चौकटीत घातले. एकेक आकडा दोनदा तपासत होतो, कारण दहा चुका झाल्या की डिस्क आतल्या आत सगळं जाळून टाकते, असं मी कुठेतरी ऐकलं होतं, किंवा मीच कुणाला तरी सांगितलं होतं.

चावी चुकीची.

मी बेनना फोन लावला, काकूंनाही ऐकू जाईल असा. रविवार, त्या पादऱ्यात घरी होत्या, मागे कुकरची शिट्टी. "काका, काही जळत नथी," त्या म्हणाल्या. "एक वात कहुं. दरेक सहा आकड्यांच्या गटाला अकराथी भागो. नि:शेष भाग गेला तर गट बराबर. नाही गेला तर त्यातच चूक."

मी कॅल्क्युलेटर शोधायला लागलो. काकूंनी हात वर केला.

"अकराची कसोटी ना? एकाआड एक आकड्यांची बेरीज करायची. दोन्ही बेरजा सारख्या, नाहीतर अकराचा फरक. वाच गट."

पहिले दोन बरोबर निघाले. तिसरा: चार, एक, चार, सहा, दोन, चार.

"चार, चार, दोन, दहा," काकू पुटपुटल्या. "एक, सहा, चार, अकरा. एकाचा फरक. सहा नाही तो. पाच आहे."

चौथा बरोबर. पाचव्या गटाचा शेवटचा आकडा दिसतच नव्हता, तिथे एक पिवळट गोल डाग होता.

"डोळ्यांचं औषध," काकू म्हणाल्या. "थेंब पडला असेल. आधीचे वाच."

"दोन, शून्य, सात, तीन, पाच."

"दोन, सात, पाच, चौदा. शून्य आणि तीन, तीन. अकराचा फरक तसाच आहे." त्यांनी बोटांवर मोजलं. "शून्य. डाग पडला तिथे शून्य होतं."

सहावा, सातवा, आठवा. आठव्यात आणखी एक सहाचा पाच झाला. मी सगळे पुन्हा घातले, एकेक मोठ्यानं म्हणत, आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. निळा दिवा थांबला. मग पुन्हा लुकलुकला, आणि पडद्यावर फायलींची रांग उतरायला लागली. एक, दोन, तीन, खालपर्यंत, दोनशे बारा.

मी ओरडलो. शेजारच्या खोलीतल्या बाई दारात आल्या. वर्कशॉपचा भोंगा माझ्यापुढे फिका पडला असेल. काकू मात्र हलल्या नाहीत.

"एकशेचाळीस," त्या म्हणाल्या.

लावला. खोलीत काकूंचाच आवाज आला, खणखणीत, तीन वर्षांनी तरुण. कागद पादऱ्याचा होता. खापरपणजोबांची मुलगी तिथे दिली होती, तिच्या सासरच्या कारभाऱ्यानं लिहिलेला. मुलीस सहा दिवस ताप आहे. बडोद्याहून वैद्य धाडावा. गाडी पाठविली आहे. आणि लगेच पुढे: सबब गाडी रिकामीच परत करावी. बहुत काय लिहिणे. कागद संपला.

"परत," काकू म्हणाल्या.

परत लावला. चार वेळा. चौथ्या वेळी त्यांनी बोट वर केलं.

"इथं. ऐकलंस? 'पाठविली आहे'नंतर मी श्वास घेतलाय. कागदात दोन ओळी एकाच शब्दानं सुरू होत होत्या, डोळा एकीवरून दुसरीवर गेला. मधली ओळ त्या श्वासात राहिली."

"काय होती ओळ?"

गाडी परत का करायची, ते त्या ओळीत होतं. ताप उतरला म्हणून, की वैद्याची गरज संपली म्हणून. बाहेर ऊन आलं होतं. काकूंचा चेहरा उजेडाकडे होता.

"ऐकलं की आठवेल असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. आणि मग, अगदी हळू, "नाही आठवत."

कागद तर लापशी होऊन गेला होता, मी ठेवलेल्या कप्प्यात.

त्यांनी मला रेकॉर्डर चालू करायला लावला. "क्रमांक एकशेचाळीस," त्या म्हणाल्या, "येथे एक ओळ गळाली आहे. वाचणारीची चूक. मुलगी जगली किंवा कसे, हे या वाचनावरून ठरवू नये." मग मला म्हणाल्या, "आता पहिल्यापासून लाव."

"सगळे?"

"एक सुटली तर आणखी सुटल्या असतील. मला थोडंफार आठवतंय तोवर ऐकून घेऊ."

प्रती मी त्याच दिवशी काढल्या. एक बेनकडे पादऱ्याला असते, एक बायकोच्या कपाटात, आणि एक पुण्याला पाठवली, ज्यावर तिकडून अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. तेव्हापासून दर रविवारी मी प्रतापनगरला जातो. काकू ऐकतात. श्वास आला की बोट वर करतात, मी थांबवतो, त्या आठवायला बघतात. कधी ओळ परत येते, पूर्ण, जशी काल वाचली होती. कधी अर्धी. बऱ्याचदा येत नाही, आणि मी वहीत फुली मारतो. सत्त्याऐंशी कागदांत एकोणीस फुल्या झाल्या आहेत. ही संख्या बायकोनं तपासली आहे.

गेल्या रविवारी सत्त्याऐंशीवर काकूंनी बोट वर केलं. मी थांबवलं. मला श्वास ऐकू आला नव्हता. मी मागे घेऊन पुन्हा लावलं, कान पडद्याला टेकून. आवाज अखंड जात होता, कुठे फट नाही.

बोट पुन्हा वर गेलं, त्याच जागी.

"इथं," काकू म्हणाल्या. "इथं काहीतरी होतं."